दार कुठल्या बाजूला होतं?

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभट नावाचा एक पंडित गावोगाव हिंडून लोकांना खोदून खोदून प्रश्न विचारत होता. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी १२७४ च्या सुमारास उत्तरापंथे निघून गेले होते. त्यांना पाहिलेली, त्यांच्या पंगतीला बसलेली, कधी त्यांची बोलणी खाल्लेली माणसं गोदाकाठापासून वऱ्हाडापर्यंत विखुरली होती. म्हाइंभटाला त्यांच्या आठवणी हव्या होत्या, पण ‘स्वामी फार थोर होते’ एवढ्यावर त्याची बोळवण होण्यासारखी नव्हती. स्वामी तेव्हा कोणत्या गावी होते, देवळात होते की मठात, समोर कोण होतं, कोण काय बोललं, त्यावर स्वामी काय म्हणाले, हे सगळं त्याने टिपून घेतलं. त्यातून १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ उभं राहिलं. साडेसातशे वर्षांनी ते वाचतानाही माणसं बोलताना ऐकू येतात, रुसताना दिसतात.

चौदाव्या शतकात मुनी व्यासांच्या नावाने लिहिली गेलेली ‘स्थानपोथी’ तर याहून चमत्कारिक. तिच्यात गोष्ट जवळजवळ नाहीच. स्वामी जिथे जिथे राहिले त्या जागांची ही नोंद आहे. देऊळ गावाच्या कोणत्या अंगाला, त्याचं दार कुणीकडे उघडतं, शेजारचं देऊळ किती जवळ. पुढे येणाऱ्या भक्ताला जागा सापडावी, इतकाच हेतू. तरीही आजचा अश्रद्ध वाचकसुद्धा ती पोथी चाळताना थबकतो. दाराची दिशा सांगणारा माणूस त्या दारासमोर उभा राहिला असणार, हे त्याला न सांगता कळतं.

गोष्टीतल्या तपशिलाचं मुख्य काम हे आहे. सांगणारा तिथे होता, याची तो साक्ष देतो.

लेखनाच्या कार्यशाळांमध्ये हीच गोष्ट ‘पंचेंद्रियांनी लिहा’ अशा शब्दांत सांगितली जाते, आणि तिथेच घोटाळा सुरू होतो. नवखा लेखक मग प्रत्येक परिच्छेदात एक वास, एक आवाज, एक स्पर्श असा रतीब घालू लागतो. मोगरा दरवळतो, पैंजण रुणझुणतात, वाफाळता चहा येतो. यातलं खोटं काहीच नसतं, पण दिसतही काही नाही. असला मोगरा लिहायला घराबाहेर पडावं लागत नाही, आणि वाचकाला ते बरोबर कळतं.

कसं कळतं, याचा मानसशास्त्रज्ञांनी बराच शोध घेतला आहे. १९८१ मध्ये मार्शिया जॉन्सन आणि कॅरल रे या अमेरिकी संशोधकांनी एक वरवर सोपा प्रश्न हाती घेतला: प्रत्यक्ष घडलेलं आणि नुसतं मनात आणलेलं, या दोन आठवणी माणूस वेगळ्या कशा ओळखतो? त्यांची मांडणी अशी की अनुभवाच्या आठवणीला रंग, आवाज, वास, जागा, वेळ असं बरंच काही चिकटून येतं. कल्पनेच्या आठवणीवर हा मळ कमी असतो; तिथे विचार करतानाच्या खटाटोपाच्या खुणा जास्त. स्वतःच्या आठवणी पारखताना माणूस जी कसोटी लावतो, तीच दुसऱ्याची गोष्ट ऐकतानाही लावत असणार, असं मानायला हरकत नाही.

१९८६ मध्ये मिशिगन विद्यापीठात जोनाथन शेडलर आणि मेल्विन मॅनिस यांनी एक लुटुपुटीचा खटला रचला. सात वर्षांचा मुलगा आईकडे ठेवावा की नाही, हा प्रश्न. आईच्या बाजूने आठ मुद्दे आणि विरोधात आठ मुद्दे, सगळ्यांना तेच. फरक इतकाच की काहींच्या कागदात बाजूच्या मुद्द्यांना बारीक तपशील जोडले होते, काहींच्या कागदात विरोधी मुद्द्यांना. ‘मूल झोपण्यापूर्वी दात घासतं की नाही हे आई बघते’ या वाक्यापुढे एक शेपूट होतं: त्याचा दातांचा ब्रश ‘स्टार वॉर्स’मधल्या डार्थ व्हेडरसारखा दिसतो. विरोधी बाजूला मुलाचा हात खरचटल्याचा मुद्दा होता. त्याला शेपूट असं की शाळेतल्या परिचारिकेच्या हातून लाल औषध सांडलं आणि तिच्या गणवेशावर डाग पडला. ब्रश कसा दिसतो याचा आईपणाशी काडीचा संबंध नाही. तरी ज्यांना अनुकूल मुद्दे तपशिलासह मिळाले त्यांनी आईला दहापैकी सरासरी ५.८ गुण दिले, आणि प्रतिकूल मुद्दे तपशिलासह मिळालेल्यांनी ४.३.

या प्रयोगाने कथाकार खूश होईल, न्यायाधीश धास्तावेल. कारण हे हत्यार थापाड्याच्या हातातही तितकंच चालतं. आपल्याकडची भुताची गोष्ट घ्या. पांढरी साडी आणि उलटी पावलं यांनी आता लहान पोरही दचकत नाही. पण मुरलेला सांगणारा म्हणतो की ओढ्याच्या अलीकडे त्या इसमाने तंबाखू मागितली, पुडी दिली, तर चुना वाळलेला म्हणून त्याने त्यात थुंकी घातली. ऐकणारा तिथे फसतो. भुतावर त्याचा विश्वास नसतो, वाळलेल्या चुन्यावर मात्र बसतो.

मग असे तपशील सगळ्यांना सहज का सुचत नाहीत? डोळे, कान तर सगळ्यांना आहेत.

रोज हातातून जाणारं एक नाणं न बघता कागदावर काढून पाहावं. सिंहमुद्रा कुठे, अंक कुठे, वर्ष कुठे, कोणती अक्षरं कोणत्या कडेला? १९७९ मध्ये रेमंड निकरसन आणि मॅरिलिन अ‍ॅडम्स यांनी अमेरिकी लोकांना त्यांचं एक सेंटचं नाणं असंच काढायला लावलं, आणि बहुतेकांची फे फे उडाली. नाणं ओळखण्यापुरतं मेंदूला माहीत असतं. त्याहून जास्त साठवण्याचं त्याला कारण नसतं. नाकाचंही तसंच. कोणत्याही घरात शिरल्यावर काही मिनिटांत तिथला वास जाणवेनासा होतो. स्वतःच्या घराला कसला वास आहे हे पाहुण्याला कळतं, घरच्याला नाही. ही मेंदूची काटकसर आहे आणि तिच्याशिवाय जगणं अवघड झालं असतं. कथा सांगणाऱ्याला मात्र ती नडते, कारण त्याला सगळ्यात जास्त ठाऊक असलेली जागाच त्याला दिसत नाही.

म्हणूनच मराठीतल्या काही अस्सल निवेदकांकडे पाहिलं तर त्यांनी कुठून तरी पाहुण्याचं नाक मिळवलेलं दिसतं. प्रकाश नारायण संतांनी ते मुलाकडून घेतलं. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ या पुस्तकांतला लंपन आईवडिलांपासून दूर, सीमाभागातल्या गावात आजीआजोबांकडे राहतो. गाव त्याला नवं आहे आणि त्याचं वयही नवं आहे, त्यामुळे मोठ्यांनी कधीच बघणं सोडून दिलेल्या गोष्टी त्याला जशाच्या तशा भिडतात. लक्ष्मीबाई टिळकांना ते नाक अंतराने दिलं. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात पुस्तकरूपाने आली, तेव्हा त्या साठी ओलांडून पुढे गेल्या होत्या. वडिलांचं विक्षिप्त सोवळं, बाहेरून आलेली वस्तू धुऊन घेण्याचं त्यांचं वेड, हे बालपणी घरातल्या पोरींना निमूट सोसावं लागलं. त्या घरातून, त्या धर्मातूनही दूर आलेल्या लक्ष्मीबाईंना ते सगळं हसत, बारकाव्यांसकट सांगता आलं.

व्यंकटेश माडगूळकरांची वाट जरा निराळी. त्यांचा हात चित्रकाराचा होता. चित्र काढणाऱ्याला ‘एक म्हातारा बसला होता’ असं म्हणून सुटता येत नाही. गुडघा कुठे वाकतो, पटका कानाच्या वर आहे की खाली, हे ठरवल्याशिवाय रेघ पुढे सरकत नाही. १९४९ मधल्या ‘माणदेशी माणसं’मध्ये ही सवय पानोपानी दिसते. ‘बनगरवाडी’ (१९५५) मध्ये तर ती आणखी आवरलेली आहे. शेकूच्या औताला एक बैल कमी पडतो आणि त्याची बायको स्वतः जू खांद्यावर घेते. या प्रसंगावर लेखकाने दारिद्र्याचं प्रवचन झोडलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती. माडगूळकर ते करत नाहीत. बाईच्या खांद्यावरचं जू दिसतं, आणि वाचकाने काय ते समजून घ्यायचं. पुढे नागझिऱ्याच्या जंगलात त्यांनी वानरांच्या टोळ्या तशाच नजरेने न्याहाळल्या. त्यातून आलेल्या ‘सत्तांतर’ला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

माडगूळकर पुणे आकाशवाणीवर दीर्घकाळ होते, हेही इथे ध्यानात घ्यावं. नभोवाणी हे डोळे काढून घेतलेलं माध्यम. श्रुतिकेत पात्र ‘अंधार पडला’ असं म्हणालं तर ती श्रुतिका फसली. रातकिडे सुरू झाले पाहिजेत. जुन्या स्टुडिओत नारळाच्या करवंट्या आपटून घोडा दौडवत, पत्र्याचा तुकडा हलवून ढग गडगडवत, कडक पारदर्शक कागद चुरगाळून आग पेटवत. गंमत अशी की माइकवर खऱ्या आगीपेक्षा कागदाची आग जास्त खरी वाटते. आवाज हुबेहूब असण्याला तिथे महत्त्व नाही; ऐकणाऱ्याच्या मनातली आग त्याने जागी करायला हवी.

कान तसाही निःपक्षपाती नसतो. पावशा पक्ष्याचंच बघा. ग्रीष्म संपता संपता तो चढत्या सुरात तीन-तीन टाहो फोडत राहतो. मराठी शेतकऱ्याला त्यात ‘पेरते व्हा’ ऐकू येतं. उत्तरेत त्याच सुरात ‘पी कहाँ’ असा विरह ऐकू आला. उन्हाने तापलेल्या, झोप उडालेल्या इंग्रज साहेबांना ‘ब्रेन फीव्हर’, म्हणजे मेंदूज्वर, ऐकू आला. पक्षी तोच, सूर तोच. पात्राला काय ऐकू येतं यावरून ते पात्र कोण आहे हे कळतं, हे कथालेखनाचं भलंमोठं गुपित त्या पाखराने फुकट सांगून ठेवलं आहे. पेरणीसाठी बियाणं नसलेल्या माणसाला ‘पेरते व्हा’ कसं ऐकू येत असेल, यावर एक अख्खी कथा होईल.

मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत हयात घालवताना असे अनेक कान उसने घेतले. पारधी, गोंड, वनमजूर यांच्याकडून त्यांनी पाखरांची, झाडांची, जनावरांच्या सवयींची नावं गोळा केली. ‘पक्षीकोश’ हे त्याचं दिसणारं फळ. न दिसणारं फळ असं की ‘पक्षी जाय दिगंतरा’सारख्या पुस्तकात जंगल कधी ‘घनदाट’ एवढ्या एका शब्दात उरकलं जात नाही.

आणि आता नाक. लेखकांनी सगळ्यात कमी वापरलेलं इंद्रिय हेच असावं, आणि सगळ्यात बलवानही हेच. बाकीच्या इंद्रियांचे निरोप मेंदूत थॅलॅमस नावाच्या नाक्यावर थांबून पुढे जातात. वासाचा निरोप तो नाका चुकवून थेट भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांशी जाऊन भिडतो. म्हणून आजीच्या पेटीचा वास आला की आजी आठवण्याआधी पोटात कालवतं. २००६ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी लोकांना मेंदूचं चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवून शब्द वाचायला दिले. दालचिनी, लसूण, जाई असे वासाचे शब्द वाचताना भाषेच्या भागांबरोबर वास ओळखणारा भागही जागा झाला. शब्दाला वास येतो, असं कवी म्हणाले असते तर कुणी मनावर घेतलं नसतं.

मलेशियातल्या जंगलांत राहणाऱ्या जहाई लोकांच्या भाषेत वासांसाठी स्वतंत्र, अमूर्त शब्द आहेत, हे आसिफा मजीद आणि निक्लास बुरेनहुल्ट यांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं. पेट्रोल, धूर आणि वटवाघळांची विष्ठा यांना जोडणारा एक शब्द. वाघाला खेचून आणणाऱ्या रक्ताळ वासाला दुसरा. इंग्रजी बोलणारी माणसं त्याच चाचणीत अडखळली. ‘कशाच्या तरी सारखा वास’ यापलीकडे त्यांना जाता येईना.

मराठी माणसाने ही बातमी वाचून स्वतःच्या स्वयंपाकघराकडे एकदा वळून पाहावं. भाजणी भाजताना येतो तो खमंग. जुन्या खोबऱ्याला येतो तो खवट. पावसाळ्यात बंद ट्रंक उघडली की कुबट, खिडकी नसलेल्या खोलीत कोंदट. पीठ उतू जायच्या बेतात आलं की आंबूस, दूध लागलं की करपट. यातले काही शब्द उघड उघड क्रियेपासून आले आहेत, आंबणं, करपणं. ‘कुबट’ मात्र कुठल्या एका वस्तूचा नाही. ओलं गोणपाट, न वाळलेली चादर, बंद पडलेल्या चित्रपटगृहातल्या खुर्च्या, सगळ्यांना तो लागू पडतो, अगदी जहाईंच्या शब्दांसारखा. इतकी श्रीमंती घरात असताना मराठी कथेत ‘एक विचित्र वास येत होता’ हे वाक्य सापडलं की लेखकाला धरून स्वयंपाकघरात नेऊन उभं करावंसं वाटतं.

हेलन केलर यांनी १९०८ च्या ‘द वर्ल्ड आय लिव्ह इन’ या पुस्तकात दाखवून दिलं की डोळे आणि कान दोन्ही नसतानाही जग भरगच्च असू शकतं. येऊ घातलेल्या वादळाचा वास त्यांना काही तास आधी लागत असे, आणि जमिनीच्या कंपनावरून कुणाची पावलं आहेत ते कळत असे. पाऊल ठामपणे पडतंय की बिचकत, हेसुद्धा.

पावसाचा विषय निघालाच आहे. पहिल्या पावसानंतरच्या मृद्गंधाला ‘पेट्रिकोर’ हे नाव ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी १९६४ मध्ये दिलं. मातीतल्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेलं जिओस्मिन हे त्यातलं एक मुख्य द्रव्य, आणि माणसाचं नाक त्याला विलक्षण हळवं आहे. कनोजचे अत्तरवाले तर फार पूर्वीपासून भाजलेल्या मातीतून हा गंध चंदनतेलात उतरवत आले आहेत. विज्ञान म्हणून हे सगळं मोहक आहे. कथेत मात्र मृद्गंध आता जवळजवळ मेला आहे, इतक्यांनी तो वापरला. पहिला पाऊस लिहायचाच तर तापलेल्या पत्र्यावर पडून चर्र होणारे थेंब आहेत, दिव्याभोवती उडून पंख गाळून पडणारी वाळवी आहे, गच्चीवरचं वाळवण उचलायला धावताना पालथा पडलेला कुरडयांचा चाळणा आहे. आणि पाऊस तरी कुठला? वळवाचा, मृगाचा, झडीचा? पिरपिर करणारा आणि कोसळणारा एकाच कथेत एकाच शब्दात भरता येत नाहीत.

निवड ही अर्थात पाहण्याइतकीच अवघड. १८८६ च्या मे महिन्यात चेखवने आपल्या लेखक भावाला, अलेक्सांद्रला, पत्रातून सल्ला दिला होता. चांदणी रात्र उभी करायची तर चंद्राचं वर्णन नको. गिरणीच्या बंधाऱ्यावर फुटक्या बाटलीची काच चमकू दे आणि एखाद्या कुत्र्याची किंवा लांडग्याची काळी सावली गडगडत जाऊ दे. दोनच वस्तू. उरलेली रात्र वाचक स्वतःच्या घरून घेऊन येतो.

पण ती काच सापडायची तर आधी पुष्कळ फालतू गोष्टी बघाव्या लागतात. फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेकने ऑक्टोबर १९७४ मध्ये सलग तीन दिवस पॅरिसच्या सँ-सुल्पीस चौकात बसून जे दिसलं ते लिहिलं: जाणाऱ्या बसचे क्रमांक, कबुतरं, पिशव्या, छत्र्या, बदलणारा उजेड. चौकातल्या नामांकित इमारती आणि पुतळे त्याने मुद्दाम बाजूला ठेवले. त्याला हवं होतं काहीच घडत नसताना घडतं ते. हे पुस्तक कंटाळवाणं आहे हे कबूल करायला हवं. दहा-बारा पानांनंतर मात्र वाचणाऱ्याची नजर बदललेली असते.

हाच खेळ तालुक्याच्या एसटी स्टँडवर अर्धा तास बसून करता येतो, फुकटात. पहिली दहा मिनिटं ठरलेल्या गोष्टी दिसतात: गर्दी, धूळ, न समजणारी घोषणा. नंतर कान निवळतात. कंडक्टरने दोरी दोनदा ओढल्यावर ड्रायव्हर गिअर टाकतो त्याआधीचा एक क्षण ऐकू येतो. खिडकीतून आत टाकलेला जागा धरायचा रुमाल कुणाचा आणि त्यावर बसायला धजावणारा कोण, हे दिसतं. सुटलेल्या गाडीकडे बघत राहिलेली बाई हात हलवायचं कधी थांबवते, आणि हलवायचा थांबलेला हात मग कुठे ठेवते, हेही.

घरी येऊन ते लिहून काढावं आणि सोबत आलेल्या दुसऱ्या कुणाला त्याच्या आठवणीतून लिहायला सांगावं. दोन्ही कागद जुळत नाहीत. रुमाल एकाच्या कागदावर निळा असतो, दुसऱ्याच्या कागदावर चौकटींचा.

म्हाइंभटाच्या ग्रंथावरही पुढे अशीच पाळी आली. यादवांच्या पाडावानंतरच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. हिराइसेसारख्या ज्यांना ती पाठ होती, त्यांच्या आठवणीतून महानुभावांनी ती पुन्हा जुळवली. जिथे दोघांचं सांगणं जमेना, तिथे त्यांनी एकाला खोटं ठरवून दुसरं पुसून टाकलं नाही. अशा वेगळ्या सांगण्यांना ते ‘वासना’ म्हणत, आणि कोणाची वासना कोणती हे नोंदवून ती पोथीत शेजारी शेजारी लिहून ठेवत.